कंदुरीच्या पंगतीत विमानं

माझ्या धाकट्या भावाच्या मानेवर, डाव्या कानाखालून खांद्यापर्यंत, भाजल्याचा डाग आहे. उन्हाळ्यात तो लाल पडतो आणि खाजतो. कुणी विचारलं तर भाऊ सांगतो, कंदुरीत रस्सा सांडला. रस्सा सांडला नव्हता. उकळत्या डेगेतून मी तो वगराळ्यात घेतला होता आणि वगराळ्यासकट त्याच्या मानेवर मारला होता. याच भावाला मी लहानपणी कडेवर घेऊन मेंढरांमागं हिंडले होते.

भांडण लढाऊ विमानांवरून झालं. कोणतं विमान भारी, कोणत्या सरकारनं किती घेतली, कुणी महाग घेतली. आमच्या दोन्ही घरांत, माहेरी आणि सासरी, यांच्याशिवाय कुणी लढाऊ विमान जवळून पाहिलेलं नव्हतं. आणि हेच त्या भांडणात विमानांबद्दल एक शब्द बोलले नव्हते.

हे म्हणजे माझे यजमान. वीस वर्षं विमानदलात होते. गावाकडं अजून त्यांना पायलट म्हणतात, पण ते पायलट नव्हते. पायलट ज्या सीटवर बसतो त्या सीटखाली स्फोटाची दारू भरलेली असते. विमान पडायला लागलं की पायलट दोन पायांमधली कडी ओढतो आणि सीट त्याला घेऊन बाहेर उडते, मग वर छत्री उघडते. ती सीट नीट ठेवणं हे यांचं काम. विमान जमिनीवर असताना ती चुकून उडू नये म्हणून तिच्यात लाल पट्टी लावलेल्या पिना खोचतात. उड्डाणाआधी काढायच्या, उतरल्यावर परत खोचायच्या. हे झोपेतसुद्धा पिना मोजायचे. लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मेंढरं मोजतायत. आमच्याकडं सगळे तेच मोजायचे.

लग्नाला तिसरं वर्ष असेल. आम्ही तेव्हा लांब उत्तरेत, तळावरच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. एका सकाळी हँगरमध्ये उभ्या असलेल्या विमानात यांचा जोडीदार काहीतरी बघायला आत उतरला. एक पिन जागेवर नव्हती. सीट उडाली. वर हँगरचं लोखंडी छत होतं. हे पन्नास पावलांवर उभे होते. त्याला खाली काढायला चौघं लागले, त्यात हे एक. दुपारी घरी आले तेव्हा अंगातली डांगरी, कामावरचा अखंड पोशाख, पुढून काळी पडून कडक झाली होती. मला म्हणाले, धुऊ नको, जाळून टाक. पण नवी मिळायला वेळ लागायचा, म्हणून मी ती बादलीत भिजवली. पाणी तीनदा बदललं. तिसऱ्या पाण्यात खिशातून एक दात निघाला. मी तो कागदात बांधून यांच्या हातात दिला. यांनी तो कुठं नेला ते मी कधी विचारलं नाही.

पुढं काही वर्षांनी यांनी स्वतः पट्टे बांधून वर पाठवलेला एक तरुण पायलट पडला. विमान जुनं होतं. त्या जातीची विमानं बदलायची म्हणून आमच्या लग्नाच्या आधीपासून बोलणं चाललं होतं. त्यानं कडी ओढली नाही. खाली वस्ती दिसली म्हणून ओढली नाही, की वेळच मिळाला नाही, कुणाला कळलं नाही. मोहरीच्या शेतात चार दिवस हे आणि इतर लोक हातात पिशव्या घेऊन चालत होते. सापडेल ते पिशवीत घालायचं, जागेवर काडी रोवायची. पाचव्या दिवशी घरी आले आणि मी केलेलं मटण बघून बाहेर जाऊन ओकले. मेंढरं पाळणाऱ्या घरचा माणूस, वर्षभर मटणाला शिवला नाही.

नवीन विमानं येणार, येणार, हे मी नवी नवरी असल्यापासून ऐकत होते. क्वार्टरच्या बायका एकमेकींना सांगायच्या, औंदा येणार. सरकार बदललं की कागद बदलायचे. आधी इतकी घ्यायची ठरायची, मग तितकी. मध्ये एकदा बाहेरच्या देशांनी आपापली विमानं चाचणीला आणली. कुणी फ्रान्सचं, कुणी रशियाचं, कुणी अमेरिकेचं, एक स्वीडनचं हलकं. यांना तिथं काही दिवस सीटची माहिती घ्यायला पाठवलं होतं. परत आले तेव्हा मी विचारलं, कसं होतं? म्हणाले, "आत बसायची जागा लई चांगली होती." त्यापुढं काही नाही. सगळ्यांनी सही केलेली असते, बाहेर बोलायचं नाही. पण सही नसती तरी हे फार बोलले असते असं मला वाटत नाही.

यांच्या आईनं, म्हणजे माझ्या आत्याबाईंनी, हे भरती झाले त्या वर्षी गावाजवळच्या दर्ग्याला नवस बोलला होता. पोरगं हातीपायी धड घरी आलं तर कंदुरी करीन. आमचं गाव सिल्लोडच्या अलीकडं. तिकडं हिंदू काय, मुसलमान काय, अडीनडीला त्याच दर्ग्याला बोलतात. कंदुरी म्हणजे तिथं बकरं किंवा मेंढा कापायचा, नैवेद्य दाखवायचा आणि गावाला जेवू घालायचं. हे निवृत्त झाले, औरंगाबादेत पुंडलिकनगरात आम्ही दोन खोल्यांचं घर घेतलं, हे एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला लागले. आत्याबाई दर महिन्याला निरोप पाठवायच्या, नवस फेडा. शेवटी एका उन्हाळ्यात ठरलं. त्याच उन्हाळ्यात निवडणूक होती.

आता त्या दोघांचं सांगते. एक माझा भाऊ आणि एक माझे धाकटे दीर. दोघं साधारण एका वयाचे. माझ्या लग्नातच त्यांची दोस्ती झाली, आणि पुढं दोघांनी मिळून मक्याचा व्यापार केला. एकच टेम्पो, एक चालवायचा, एक शेजारी बसायचा. भाऊ एका पक्षाच्या मागं लागला, दीर दुसऱ्या. आधी चेष्टा चालायची. मग मोबाइल आले. भाऊ रोज यांना एक चित्र पाठवायचा, दोन विमानं शेजारी शेजारी, खाली वेग, पल्ला, क्षेपणास्त्रं आणि शेवटी कोण जिंकलं. दीर पाठवायचे त्यात दोन सरकारं शेजारी शेजारी असायची, कुणी एक विमान केवढ्याला घेतलं आणि कुणाच्या ओळखीच्याला काम मिळालं. दोघंही खाली लिहायचे, खरं का? हे बघायचे आणि मोबाइल पालथा ठेवायचे.

सहा महिन्यांत टेम्पो विकला. व्यापार फुटला. सिल्लोडच्या बाजारात एकदा दोघांची कॉलर धरण्यापर्यंत गेली, तेव्हा हमालांनी सोडवलं. मी भावाला फोन करून रागावले. तो म्हणाला, आक्का, तुझा दीर देशाच्या विरोधात बोलतो. मी दिरांनाही बोलले. ते म्हणाले, वहिनी, तुमचा भाऊ इकला गेलाय. मी यांना म्हटलं, तुम्ही एकदा दोघांना बसवून सांगा ना, तुम्हाला माहिती आहे. हे म्हणाले, त्यांना माहिती नको, पंच पाहिजे. तेवढ्यावर मी सोडून दिलं. तिथं मी सोडायला नको होतं.

कंदुरीच्या दिवशी आम्ही सकाळीच पोचलो. दर्गा माळावर आहे, बाजूला दोन लिंबं. मुलाणी आले, दोन मेंढे कापले. तोवर यांनी दुसरीकडं तोंड करून पाणी भरलं. मी आणि जावेनं मसाला केला, तीन दगडांच्या चुलीवर डेग चढवली. बाभळीची लाकडं होती, जाड, आतून लाल होऊन जळणारी. भाऊ येईल की नाही मला धाकधूक होती. तो आला, बायकोला घेऊन, नवा पांढरा शर्ट घालून. आत्याबाईंच्या पाया पडला. मला बरं वाटलं.

नैवेद्य झाला, पहिली पंगत उठली. दुसऱ्या पंगतीत घरचे पुरुष बसले. कुणी बसवलं ते आठवत नाही, पण दीर आणि भाऊ समोरासमोर आले, मध्ये फक्त वाढायची वाट. दोघांनी मागं कुठंतरी थोडी घेतलेली होती, वासावरून कळत होतं. पंगतीतला एक म्हातारा यांच्याकडं बघून कौतुकानं म्हणाला की आता नवीन विमानं येणार म्हणं, आपला पायलट अजून तिकडं असता तर त्यानंच उडवली असती. बस, एवढंच झालं.

भाऊ म्हणाला, घेतली ना, आमच्यावाल्यांनी घेतली. दीर पानावरून मान न उचलता म्हणाले, किती घेतली ते बी सांग. भाऊ म्हणाला, तुमच्यावाल्यांनी तर नुसते कागद फिरवले, एक तरी घेतलं का? दीर म्हणाले, कागदावर जास्त होती आणि स्वस्त होती. मग एक इंजिन, दोन इंजिन, रशियाचं किती दूर जातं, फ्रान्सचं किती वजन उचलतं, जे दोघांनी मोबाइलवर वाचलं होतं ते सगळं निघालं. दोघंही आकडे चुकीचे सांगत होते की बरोबर, मला माहीत नाही. मी भाकरी वाढत होते. म्हटलं, जेवा आधी. कुणी ऐकलं नाही.

मग भाऊ यांच्याकडं वळला. "दाजी, आज तुमीच सांगा. तुमी हात लावलाय त्येला. कोण खरं?"

हे म्हणाले, "अन्नावर बसलोय. जेवा."

दीर हसले. म्हणाले, दादा कशाला बोलतोय, त्याला पेन्शन जाईल म्हणून भ्या वाटतं. आणि मग भावाकडं बघून म्हणाले, तुझ्यावाल्यांनी फक्त विमानाच्या पुढं उभं राहून फोटो काढले, आणि तू त्यांच्या गाडीतल्या पेट्रोलवर जगणारा कुत्रा. भाऊ म्हणाला, तुझी आई. आत्याबाई तिथंच बसल्या होत्या. दिरांनी समोरची वाटी उचलली आणि गरम रस्सा भावाच्या छातीवर फेकला. पांढऱ्या शर्टवर ती तर्री पसरलेली मला अजून दिसते.

भाऊ उठला आणि चुलीकडं आला. मी चुलीपाशीच होते. मला वाटलं, पाणी घ्यायला येतोय. त्यानं वाकून जळतं लाकूड ओढलं, टोक लाल होतं, आणि दोन ढांगांत परत गेला. दीर उठत होते, अर्धे उठले होते. लाकूड त्यांच्या तोंडावर बसलं. आवाज असा आला, जसा ओलं कापड दगडावर आपटल्यावर येतो. दीर ओरडले नाहीत, दोन्ही हात डोळ्यावर ठेवून बसले आणि बोटांच्या फटीतून रक्त आणि काहीतरी पातळ खाली आलं.

हे मध्ये गेले. दुसरा घाव यांनी हातावर घेतला. हाड मोडल्याचं मी दहा हातांवरून ऐकलं. हे गुडघ्यावर आले, मोडका हात पोटाशी धरून. भावानं लाकूड परत वर उचललं. त्याचं तोंड मला दिसत होतं. तो यांच्याकडं बघत नव्हता, दिरांकडं बघत होता, पण यांचं डोकं मध्ये होतं.

पुढचं मी केलं. वगराळं डेगेत होतंच. ते भरून बाहेर आलं आणि मी त्याच्या मागं गेले आणि मारलं. रस्सा आधी पडला, मागून पितळेची कड. तो लाकूड टाकून खाली बसला, मान धरली आणि कातडं त्याच्या हाताला आलं. मी दुसऱ्यांदा वगराळं उचललं. हे मी पोलिसांना सांगितलं नाही, इथं पहिल्यांदा लिहिते आहे. रिकामं होतं, आणि मी ते उचललं, आणि मला त्या वेळी बरं वाटत होतं. भीती नाही, वाईट नाही, बरं. मुलाण्यांनी मागून माझं मनगट धरलं आणि एवढंच म्हणाले, "बस बेटी. हो गया."

मग सगळं कानावर आलं. आत्याबाई छाती बडवत होत्या. भावजय माझ्या केसांना धरून ओढत होती. पंगतीच्या टोकाला एक माणूस अजून जेवत होता, घास तोंडाशी नेत होता आणि आमच्याकडं बघत होता.

गाडी एकच होती, सामान आणलेला टेम्पो. तिघांनाही त्यातच घातलं. दिरांचं डोकं माझ्या मांडीवर, डोळ्यावर माझ्या पदराची घडी. हे समोर, हात फळीला बांधलेला. भाऊ मागं मक्याच्या रिकाम्या पोत्यांवर पालथा, मानेवर ओलं फडकं, थरथर कापत. भावजय त्याच्यापाशी. उन्हं डोक्यावर होती. सिल्लोडला डॉक्टरांनी बघून सांगितलं, थांबू नका, औरंगाबादला न्या. तेव्हा शहराला आम्ही सगळे औरंगाबादच म्हणायचो. टेम्पो पुन्हा निघाला. रस्ता खोदलेला होता, प्रत्येक खड्ड्याला तिघंही एकदम कण्हायचे.

फुलंब्रीच्या आसपास हे बोलायला लागले. वीस वर्षांत मी यांना सलग इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

"दोघंबी ऐका," हे म्हणाले. "मला दोन वर्षं इचारताय ना, चांगलं कोणतं. मी सगळी जवळून बघितलीत. एकाला लई लांबचं दिसतं. एकाला दोन इंजिनं, एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी येतं. एक हलकं हाय, लगेच परत उडायला तयार व्हतं. एक मजबूत हाय, पण त्याचं सामान वेळेवर येत नाय. आमच्या पायलट साहेबांनी यातलं कोणतंबी हसत घेतलं असतं. ज्या पोराला मी पट्टे बांधून वर पाठवला, त्यानंबी घेतलं असतं. तो याच्यावाल्याच्या राज्यात वाट बघत व्हता, आन् त्याच्यावाल्याच्या राज्यातबी वाट बघत व्हता. त्याला मी पिशवीत भरून आणलाय."

दिरांचा श्वास माझ्या मांडीवर गरम लागत होता. मग मागून, पोत्यांवरून, भावाचा आवाज आला. "पण दाजी, महाग कुणी घेतलं?"

मला वाटलं हे आता चिडतील. यांनी डोळे मिटले. म्हणाले, "ते मला ठाव नाय. ते कागद माझ्या हातात कधी आले नाय."

दिरांचा डोळा गेला. डॉक्टरांनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी काढला. यांच्या हातात स्टीलची पट्टी घालून स्क्रू बसवले, तरी कोपर पूर्वीसारखं सरळ झालं नाही. भावाला भाजलेल्यांच्या वॉर्डात ठेवलं. दुसऱ्या दिवशी दिरांच्या पक्षाचे लोक येऊन दिरांच्या खाटेपाशी फोटो काढून गेले, संध्याकाळी भावाच्या पक्षाचे भावाच्या खाटेपाशी. निवडणुकीनंतर दोघांपैकी कुणाकडं कुणी आलं नाही. मी मधल्या जिन्यात बसून असायचे. वरच्या मजल्यावर दीर आणि हे, खालच्यावर भाऊ. वर डबा घेऊन जायचे, खालच्या दारातून भावजय मला आत येऊ द्यायची नाही.

हवालदार जबाब घ्यायला आले तेव्हा मी जे झालं ते सांगितलं. भावानं लाकडानं दिराला मारलं, यांना मारलं, मी भावाला मारलं. ते म्हणाले, ताई, शेवटचं लिहायलाच पाहिजे का? मी म्हटलं, लिहा. भावजयीनं माझ्यावर तक्रार दिलीच होती. भावावर गुन्हा लागला, माझ्यावरही लागला. भाऊ बरा झाल्यावर काही दिवस आत राहिला, मी जामिनावर घरी.

माझी आई एकटी बसनं पुंडलिकनगरला आली. तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. मला दारात उभं करून तिनं थोबाडीत मारली, एकदा, मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तिचाच हात थांबला. म्हणाली, मी तुझ्या कडेवर दिला व्हता त्याला. मी म्हटलं, आई, तो यांचं डोकं फोडत होता. ती म्हणाली, मला काय करायचंय तुमच्या डोक्याला. शेजारच्या बायका गॅलरीतून बघत होत्या. मुकुंदवाडीच्या स्टेशनपर्यंत मी तिच्या मागं चालत गेले, ती पुढं, मी दहा पावलं मागं. गावाची बस न घेता ती जालन्याच्या रेल्वेत बसली, मावशीकडं जायला. खिडकीतून बघितलं नाही.

त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी मी राखी पाठवली नाही. तिसऱ्या वर्षी पाठवली, परत आली नाही, एवढंच. हल्ली भाऊ फोन करतो. कामाचं बोलतो, विहिरीला पाणी किती, आईचं गुडघ्याचं कसं आहे. यांची चौकशी करतो. दिरांची करत नाही. एकदा नवीन विमानं टीव्हीवर दाखवत होते, लोक फुलं वाहत होते, तेव्हा त्याचा फोन आला. मला वाटलं, आता तो तेच काढेल. तो म्हणाला, आक्का, खतं मिळत नाहीत गं इकडं.

हे आता विमानांचं काहीच बघत नाहीत. कारखान्यातल्या तरुण मुलांनी एकदा यांना विचारलं, काका, आपलं भारी की शेजाऱ्याचं? हे घरी येऊन मला म्हणाले, मी जेवणाचा डबा उचलून दुसऱ्या टेबलावर गेलो.

खटला तीन-चार वर्षं चालला. दोन्ही तक्रारी एकाच कोर्टात, एकाच तारखांना. आम्ही सगळे एकाच व्हरांड्यात, तीन वेगवेगळ्या बाकांवर. माझ्या वकिलांनी मला सांगितलं, बाई, तुम्ही खरं बोलायच्या नादात स्वतःला अडकवून घ्याल. मी ठरवलं होतं, विचारलं तर सांगायचं. भावाला शिक्षा व्हावी असं मला वाटत होतं, आणि मलाही व्हावी असं वाटत होतं. त्याशिवाय हे संपणार नाही असं वाटायचं.

माझ्या आधी दिरांची साक्ष होती. ते उभे राहिले, काचेचा डोळा एकीकडं, चांगला डोळा दुसरीकडं. सरकारी वकिलांनी विचारलं, तुम्हाला कुणी मारलं? दीर म्हणाले, गर्दी होती, ढकलाढकली झाली, मी चुलीवर पडलो. वकिलांनी तीन वेळा फिरवून विचारलं. दीर तीन वेळा चुलीवर पडले. यांना विचारलं तेव्हा यांनी दिरांकडं बघितलं आणि सांगितलं की माझी पाठ होती, मी बघितलं नाही. मग भावाची पाळी आली, माझ्याविरुद्ध. त्यानं मान खाली घालून सांगितलं, रस्सा सांडला. मला कुणी बोलावलंच नाही. मी साडी सावरून बसले होते, नाव पुकारायची वाट बघत. शिपाई आला आणि म्हणाला, झालं, जा.

बाहेर मी दिरांना गाठलं. हे पान आणायला गेले होते. मी जरा जोरातच बोलले. म्हटलं, भावजी, डोळा गेला तुमचा, आणि तुम्ही त्याला सोडून दिलं?

दीर कोर्टाच्या पायरीवर उभे होते. आता ते माझ्याशी बोलताना मान थोडी तिरकी करतात, चांगल्या डोळ्यासमोर मी यावी म्हणून.

"वहिनी," ते म्हणाले, "त्याला आत घातला असता तर तुमाला बी घातलं असतं. त्याच्या वकिलानं तसंच जमवलं व्हतं, आमी साक्ष फिरवली तरच त्यो बी फिरवणार. तुमी लाकूड खाली पाडलं म्हणून दादा हाय."

ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. मी इतकी वर्षं खरं सांगायची तयारी करत होते, आणि मला वाचवायला कुणी खोटं बोलेल हा विचारच कधी केला नव्हता. मी विचारलं, भावाशी बोलणार का? म्हणाले, नाय. मरेपर्यंत नाय.

समोरच्या थांब्यावर सिल्लोडची बस लागली होती. दीर चढायला गेले, पायरीचा अंदाज चुकला, पाय हवेत पडला. कंडक्टरनं दंड धरून त्यांना वर घेतलं. मी खाली उभी राहिले. ते आत जाऊन उजवीकडच्या खिडकीत बसले, तिकिटासाठी खिसा चाचपला, आणि बस निघाली.